काळ्या अस्तरावरचा केस

आखूड केसांच्या मांजराचं काही करावं लागत नाही असं जो कुणी म्हणतो, त्यानं एकदा माघ महिन्यात ताडकळसला आमच्या घरी येऊन बसावं. काळी पँट घालून यावं. उठताना ती राखाडी झाली नाही, तर माझी शिलाई मशीन त्याला देऊन टाकीन आणि स्वतः वेणी-फणीचं दुकान टाकीन.

मांजर माझं नाही, लेकीचं. ती पुण्यात नोकरीला असताना एका मैत्रिणीनं तिला ते पिल्लू दिलं होतं. ब्रिटिश शॉर्टहेअर जातीचा बोका. राखाडी रंग, फुगलेले गाल, आणि केस एवढे दाट की बोट खुपसलं तरी कातडी दिसू नये. पुढं लेकीचं लग्न पाथरीला ठरलं. सासरी मांजर चालणार नव्हतं. मग लग्नाच्या आधी ती त्याला जाळीच्या पेटीत घालून घेऊन आली आणि माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "आई, हा माझाच हाय. फक्त राहील तुझ्याजवळ." लेक जायची होती, तिचं काहीतरी घरात मागं राहतंय एवढंच मला दिसलं.

आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, त्याच्याकडं बघत म्हणाले, "आपल्या बापजाद्यानं निजाम बघितला, इंग्रज काई इकडं फिरकला न्हाई. आता असा आला बग, बसून खायला."

आम्ही त्याला गावातल्या मांजरासारखंच ठेवलं. दुधात भाकरी कुस्करून द्यायची, तो उन्हाच्या तुकड्यात पडून राहायचा. बाहेर सोडायचं नाही असं लेकीनं बजावलं होतं, तेवढं पाळलं. तिनं एक रबरी मोजाही दिला होता, हातात घालून फिरवायचा, वर बारीक रबरी दाते असलेला. तो मी खिळ्याला अडकवून टाकला. बोटाच्या पेराएवढेसुद्धा केस नाहीत अंगावर, ह्याला काय विंचरायचं, असं माझं म्हणणं. केस मात्र गळत होते. मी घरी ब्लाऊज शिवते. गिऱ्हाईक म्हणायचं, "ताई, हे काय चिकटलंय?" मी म्हणायची, "लोकर हाय, झटकली की जाईल." लोकर आमच्या खानदानात खपून जाते. मालकांच्या भावकीत अजून मेंढरं आहेत.

लेकीला पाचवा महिना लागला तेव्हा ओटी भरायला मी तिला बोलावलं. सोबत विहीणबाई आल्या. बाई धिप्पाड, नऊवारी नेसणाऱ्या, बोलणं कमी आणि बघणं जास्त. त्यांना तीन मुलगेच, माझा जावई धाकटा. खाटेवर बसल्या, मी चहा दिला. एक घोट घेतला आणि कपात बोट घालून त्यांनी काहीतरी काढलं. बशीच्या काठावर ठेवलं. राखाडी केस. मग त्यांनी आपल्या गडद हिरव्या लुगड्याकडं बघितलं, मांडीवरून हात फिरवला, आणि हाताला लागलेलं सगळं माझ्याकडं धरलं.

"विहीणबाई, मांजराचा केस लेकराच्या पोटात गेला म्हंजी जलमभराचा दमा. आमच्या गल्लीत हाय असं एक पोरगं. तुमी हे मांजर काढा. न्हाईतर बाळंतपण आमच्याकडंच करू. आमाला काई जड न्हाई."

आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी होतं. त्यात कुणी कुणाला विचारत नसतं. सातव्यात डोहाळजेवण होतं, आई जाते आणि लेकीला घेऊन येते. ते नाही म्हणजे माहेर असून नसल्यासारखं, आणि मला एकच लेक. मी लेकीकडं बघितलं. ती खाली बघून बोक्याच्या गालावरून बोट फिरवत होती, तो घरघर करत होता. सासूपुढं ती काही बोलणार नव्हती, ते मला कळत होतं. आणि मांजर काढा म्हणजे काय, तेही कळत होतं. आमच्याकडं नको असलेलं मांजर पोत्यात घालून लांब शिवारात सोडून येतात. ह्या ठोंब्याला उंदीर दिसला तरी तो सरकून जागा देतो. शिवारात एक रात्र निघाली नसती त्याच्यानं.

मी म्हणाले, "मांजर बी राहील आन् लेक बी येईल. सातवा लागायच्या आधी तुमी येऊन बगा. ह्या घरात एक केस घावला, तर लेक तुमच्याकडंच राहील."

"एक?"

"एकच."

बोलून गेले. माझं तोंड आहेच तसं. मालक दारात उभे होते, त्यांनी कपाळाला हात लावला. विहीणबाईंनी तो चहा बाजूला ठेवला आणि मान हलवली, म्हणजे सौदा झाला.

त्या गेल्या त्या दिवशी मी घराकडं त्यांच्या नजरेनं बघितलं आणि बसकण मारली. गादीत केस, गोधडीत केस, मशीनच्या बॉबिनच्या डबीत केसाचं बूच, देव्हाऱ्यातल्या वातीला केस. एवढे केस त्या एवढ्याशा अंगात मावत कसे होते देव जाणे. मी खिळ्यावरचा मोजा काढला, हातात घातला आणि बोक्याला म्हणाले, "चल ये. आजपासून तू हाईस आन् मी हाय."

त्यानं मला पहिल्याच दिवशी मनगटापासून कोपरापर्यंत ओरबाडलं. मी मोजा उलटा फिरवत होते, केसाच्या विरुद्ध दिशेनं, दळण चाळल्यासारखी. चूक माझीच होती पण राग त्याचा आला. दुसऱ्या दिवशी पेटीत घालून एसटीनं परभणीला गेले, जनावरांच्या दवाखान्यात. सगळी बस पेटीत वाकून बघत होती. दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी बोक्याच्या पाठीवर फुंकर मारून केस फाकवले आणि मला दाखवलं. वर आखूड, ताठ केस, आणि त्याखाली मऊ लोकरीचा आणखी एक थर. हिवाळा सरत आला की आतला थर सुटतो. केस लांब असते तर गुंता झाला असता आणि डोळ्याला दिसला असता. आखूड असले की गुंतत नाहीत, थेट गळतात, आणि टोकदार असल्यानं कापडात घुसून बसतात. रोज विंचरलं नाही तर तो ते चाटून गिळतो आणि मग गोळा करून ओकतो. तो ओकायचाच. आम्हाला वाटायचं भाकरी पचत नाही.

"भाकरी-दूध देता?" बाईंनी विचारलं. मी हो म्हणाले. त्या हसल्या नाहीत, पण बंद करा म्हणाल्या. अंगावरचा केस पोटातून चांगला होतो. अंडं द्या, कोंबडीचं उकडलेलं द्या, मांजराचं खाणं मिळतं ते द्या. आंघोळ सारखी घालू नका, कातडी कोरडी पडून जास्त गळेल. दम्याचं विचारलं, तर म्हणाल्या, एखाद्याला मांजराचा त्रास होतो, एखाद्याला होत नाही, तुमची लेक ह्याच्यासोबत राहिली आहे आणि तिला काही झालं नाही. खरी काळजी त्याच्या घाणीची. ज्या वाळूत तो घाण करतो त्या वाळूला गरोदर बाईनं हात लावायचा नाही, कुणीतरी दुसऱ्यानं रोज काढायची आणि हात धुवायचे. ते काम मी घरी येऊन मालकांना दिलं. त्यांनी वाटाघाटी करून बघितल्या, पण माझा चेहरा बघून वाळूचं घमेलं उचललं.

मग माझी शिस्त सुरू झाली. रोज भाकरी थापून झाल्या की हात धुवायचे आणि ओलेच ठेवायचे. ओल्या तळव्यानं मानेपासून शेपटीपर्यंत पुसत जायचं, सुटलेले केस गोळा होतात. मग रबरी मोजा, नेहमी केसाच्या दिशेनं, आधी पाठ, मग कुल्ले, शेवटी गाल. गाल त्याला आवडायचे, म्हणून ते लाच म्हणून शेवटी ठेवायचे. आतल्या लोकरीला मोजा पुरेना. तेव्हा मी कपड्यांच्या पेटीतून उवा-लिखांची लाकडी फणी काढली. लेक शाळेत असताना तिच्या डोक्यातून फिरवलेली तीच फणी. हलक्या हातानं, नुसती टेकवून ओढायची, की दात्यांत धुरासारखी लोकर येते. पोटाला हात लावला की तो चारही पायांनी धरायचा, म्हणून पोट दुपारी, तो पेंगत असताना. सगळ्यात शेवटी मलमलच्या फडक्यानं पुसून काढायचं, अंग चकचकीत व्हायचं.

आणि रोजची परीक्षा म्हणजे अस्तर. माझ्याकडं ब्लाऊजसाठी काळं अस्तर असतं. त्याचा मोठा तुकडा खाटेवर अंथरायचा, बोक्याला त्यावर झोपू द्यायचं, तो उठला की कापड खिडकीत उजेडाला धरायचं. पहिल्या दिवशी कापड काळं होतं हे सांगावं लागलं असतं. मी ते झटकलं, पुन्हा अंथरलं. झाडूनं केस उडतात आणि फिरून खाली बसतात, म्हणून झाडू बंद, ओल्या फडक्यानं पुसणं. गादीवरचे केस रबरी चपलेचा धुतलेला तळ ओढला की लांब वळकटी होऊन निघतात. हे मला कुणी सांगितलं नाही, चिडून एकदा चप्पल आपटली तेव्हा कळलं.

शेजारीण म्हणाली, "येड लागलंय का, मांजरापायी एवढं?" मी म्हणाले, "मांजरापायी न्हाई, लेकीपायी." पण हे पूर्ण खरं नव्हतं. भाकरी बंद होऊन अंडं सुरू झालं तसं त्याच्या अंगावर तेज चढलं होतं. मोजा हातात घेतला की आता तोच येऊन पुढं बसायचा, आणि मला ते बरं वाटायचं. कापडावरचे केस महिन्याभरात निम्म्यावर आले. आता जमतंय असं वाटायला लागलं.

तेव्हा मालकांनी अक्कल चालवली.

फाल्गुन लागला होता. उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्याकडं मेंढरं कातरतात, म्हणजे अंगावरची लोकर उतरवून त्यांना मोकळं करतात. मालकांचे चुलतभाऊ, माझे दीर, गावाबाहेर आपल्या मेंढरांची कातरणी उरकून कातर घेऊनच आमच्याकडं चहाला आले होते. मी त्या दिवशी परभणीला अस्तर आणि हुक आणायला गेले होते. ह्या दोघांनी अंगणात बसून विचार केला. केस गळतेत म्हणून भांडण हाय. केसच न्हाई ठेवले तर गळतील काय? पिढ्यान् पिढ्या मेंढरं कातरणारे हात, एवढंसं मांजर म्हणजे त्यांना चहा थंड व्हायच्या आत उरकायचं काम वाटलं.

मी घरी आले तर बोका कपाटाच्या वर, भिंतीला चिकटून. खाली दीर अंगठ्याला हळद लावून बसलेले, मालकांच्या गालावर तीन ओरखडे. मी स्टुलावर चढून बघितलं. उजव्या कुशीवर खांद्यापासून मांडीपर्यंत एक पट्टा, पायऱ्या पायऱ्यांचा, आणि त्यातून गुलाबी कातडी दिसत होती. तेवढ्यावर तो सुटला होता आणि घरभर पळाला होता. अर्धवट कापलेले केसांचे तुकडे सगळीकडं. आधी केस होते, ते तळव्याला लागायचे तरी. आता मिरचीच्या बी एवढाले तुकडे, चिमटीत येत नव्हते. गादीत, मशीनमध्ये, पिठाच्या डब्याच्या झाकणावर. महिन्याची मेहनत पाण्यात गेली.

"वैनी, मेंढरू कसं गप पडून राहतंय," दीर म्हणाले.

"मेंढरू न्हाई ते," मी म्हणाले. एवढंच म्हणाले, कारण पुढचं बोलले असते तर भावकी तुटली असती. त्या दोघांना मी त्या दिवशी वाढलं नाही. मालकांशी दोन दिवस बोललेही नाही. तिसऱ्या दिवशी ते वाळूचं घमेलं धुता धुता माझ्याकडं न बघता म्हणाले, "मला काय लेक नको हाय का घरी? तुझा हात रोज रक्ताळलेला बघवंना, म्हणून केलं." मी त्यांना जेवायला वाढलं.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ह्या जातीचं अंग कातरायचं नसतं, तोच दाट थर त्याला उन्हापासूनही वाचवतो. आता केस यायला महिने लागतील, येतील तेही वरखाली. त्या पट्ट्यावर ऊन पडू देऊ नका, फणी लावू नका. आणि इकडं सातवा लागायला थोडेच दिवस राहिले होते. मला पहिल्यांदाच भीती वाटली. विहीणबाई येणार, ते उघडं अंग बघणार, आणि म्हणणार, दमा सोडा, ह्याला तर खरूज आहे.

त्याच आठवड्यात लेकीचा फोन आला. मालकांनी तिला सगळं सांगून टाकलं होतं. ती म्हणाली, "आई, राहू दे. कुणाला तरी देऊन टाक त्याला. पुण्याची मैत्रीण घेईल परत. नाहक कशाला हैराण होतीस?"

"तुला यायचंय का?" मी विचारलं.

"इथं काई तरास न्हाई मला. सासूबाई लय जपायलेत."

"मी तरास इचारला का? तुला यायचंय का, ते सांग."

मग ती रडत म्हणाली, "यायचंय. आन् तो बी पाहिजे."

"मग झालं तर. फोन ठेव, मला काम हाय," मी म्हणाले आणि फोन ठेवला. मग मीही रडून घेतलं, मोजा हातात तसाच होता.

त्यानंतर मी कुणाचं ऐकलं नाही. सगळं घर पुन्हा पहिल्यापासून काढलं. गाद्या अंगणात, पेट्या अंगणात, मशीन खोलून पुसली. ते कापलेले तुकडे चिकटपट्टीनं वेचले, एक एक खोली करत, गुडघ्यावर बसून. बोक्याला आता कातरीचा आवाज आला की तो कपाटावर जायचा, आणि माझा धंदाच कातरीचा. म्हणून मी कापड कापायचं काम शेजारणीच्या ओसरीवर न्यायला लागले. मोजा दाखवला तरी तो अंग चोरायचा. मग नुसता ओला हात, मग नुसते गाल, असं परत विश्वासात घ्यावं लागलं. ऊन तापलं तसा कूलर त्याच्या खोलीत लावला आणि आम्ही दोघं ओसरीवर घामाघूम. पट्ट्यावर हळूहळू मखमलीसारखी लव आली, रंग जरा गडद, पण आली. आणि अस्तर खिडकीत धरलं की केस बोटावर मोजता यायला लागले. मग एखादा. मग एके दिवशी मी कापड उलटंपालटं करून बघितलं, चष्मा पुसून बघितलं, आणि काही नव्हतं.

विहीणबाई ठरलेल्या दिवसाच्या आधीच आल्या. न सांगता, एसटीनं, एकट्या. मला ते अपेक्षितच होतं, त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. काळंभोर लुगडं नेसून आल्या होत्या. मी मनात म्हणाले, शाब्बास विहीणबाई. त्या खाटेवर बसल्या. जेवल्या. मग "जरा पडते" म्हणाल्या आणि उघड्या गादीवर आडव्या झाल्या, ह्या कुशीवर, मग त्या कुशीवर. मी स्वयंपाकघरात भांडी न वाजवता उभी. तेवढ्यात तो ठोंब्या आतून आला, खाटेवर चढला आणि त्यांच्या पोटाशी वळकटी करून झोपला. मी हाकलायला धावले, तर त्यांनी हातानं थांबवलं.

उठल्यावर त्या दारात उन्हात गेल्या. पदर पसरून बघितला, निऱ्या बघितल्या, मांडीवरून तळवा फिरवला आणि तळव्याकडं बघितलं. मग बोक्याची कूस दिसली.

"ह्याला काय झालंय? खरूज?"

खोटं बोलायचं मनात आलं होतं. पण म्हणाले, "आमच्या मालकांनी मेंढरू समजून कातरलं."

त्यांनी मालकांकडं बघितलं. मालक चपला शोधायला लागले. विहीणबाईंचा ओठ जरा हलला, हसू होतं की काय कळलं नाही. मग त्या एकदम थकल्यासारख्या खाटेच्या कडेला टेकल्या आणि म्हणाल्या, "बरं. न्या सातव्यात." मी दिलेला चहा त्यांनी अर्धाच घेतला आणि एसटी गाठायची म्हणून निघाल्या. हरलं की माणसाचं तोंड असं होतंच, असं मला वाटलं. मी त्या दिवशी शिरा केला. बोक्याला अंडं जास्तीचं दिलं.

चैत्रात पाथरीला डोहाळजेवण झालं. लेक हिरव्या साडीत, फुलांनी मढलेली, माझ्याकडं बघून सारखी हसत होती. जेवणं उरकली, बायका पांगल्या. जीप दारात उभी राहिली. लेकीची बॅग गेली, मालक पुढं बसले. मी विहीणबाईंचा निरोप घ्यायला आत गेले. त्या कोठीच्या खोलीत पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि फळीवरचे डबे खाली काढत होत्या.

"हे घेऊन जा," त्या म्हणाल्या. डिंक, खारीक, खोबरं, आळीव, बाळंतशेपा, सगळं निवडून, उन्हं दाखवून भरलेलं. शेवटी एक पत्र्याची पेटी. मी झाकण उघडलं. लंगोट, झबली, टोपडी, जुन्या सुती लुगड्याची. हाताची शिवण होती. मी शिवणारी बाई, मला टाका बघून कळतं कुणी किती वेळ घातलाय. हे एका महिन्याचं काम नव्हतं. पाचव्याच्याही आधीपासूनचं होतं.

"तुमी तर सगळी तयारी केली होती," मी म्हणाले.

"केली होती." त्या डब्यांकडंच बघत होत्या. "मला तिघं पोरं, तिघंबी माझ्या माहेरी झाले. थोरल्या दोघी सुना बी त्यांच्या माहेरी गेल्या. मी आपली बारशाला जायची, पाळणा हलवायची, जेवून माघारी यायची. माझ्या ह्या घरात ओली बाळंतीण कधी निजली न्हाई, विहीणबाई. लेकच न्हाई मला, तर कुणाचं बाळंतपण करू? वाटलं, ह्या येळंला काई निमित्त काढून हिला ठेवून घ्यावं. मांजर घावलं."

मला आधी रागच आला. खोटं का बोलू? ह्या बाईनं मला गुडघ्यावर बसवून केसांचे तुकडे वेचायला लावले, हात फाटेस्तोवर, आणि दम्याची गोष्ट नुसती निमित्ताची. मी तोंड उघडलंही होतं. पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं.

"आन् एक सांगते. त्या दिवशी तुमच्याकडून निघाले, एसटीत बसले, तर पदराला मागच्या बाजूनं एक केस घावला. राखाडी. एकच. तुमचाच शब्द होता."

हातातलं टोपडं मी पेटीत ठेवलं.

"मग बोलल्या का न्हाईत?" मी विचारलं.

"तुमचे हात बघितले होते मी, जेवायला वाढताना. म्हणलं, जी बाई मांजराचं एवढं करायली, ती लेकीचं किती करंल. खिडकीतून फेकून दिला तो केस." त्यांनी पेटीचं झाकण लावलं आणि माझ्याकडं सरकवली. "न्या. उशीर व्हायलाय, ऊन लागंल पोरीला."

बाहेर मालकांनी हॉर्न वाजवायला लावला. मी पेटी उचलली नाही. मी म्हणाले, "ही मी नेणार न्हाई. तुमीच घेऊन चला. मला मेलीला शेक-शेगडीतलं कुठं येतंय, माझं तर एकच बाळंतपण, ते बी माझ्या आईनं केलं. सव्वा महिना माझ्याकडं राहायचं. दोघी मिळून करू."

मग त्यांनी दाराकडं बघितलं, चुलीकडं बघितलं, ओट्यावरच्या खरकट्या भांड्यांच्या ढिगाकडं बघितलं.

"अन् हे घर?"

"घरात तुमचे तिघं पोरं हाईत ना? घासतेल."

त्यांनी डोळ्याला पदर लावला. मग म्हणाल्या, "जरा थांबा. लुगडं बदलून येते."

मी बाहेर जाऊन मालकांना मागं बसायला सांगितलं, आणि आम्ही थांबलो.